बदलीवाली

कोल्डरूममधून एक पेटी तपासायला बाहेर आणायची, एवढंच काम होतं. तेही भर दुपारी. यात भ्यायचं काय?

वारूळवाडीच्या शिवारात तेव्हा द्राक्षांचं एक पॅकहाऊस होतं. माल परदेशी जायचे दिवस आले की बायका सकाळपासून टेबलांशी उभ्या. घड देठाला धरायचा, बारका-सडका मणी कात्रीनं टिचकन काढायचा. मण्याला बोट लावायचं नाही. वरची पांढरी पावडर पुसली की पेटी नापास. अश्विनी बीए झालेली, म्हणून तिला टेबलाची मुख्य केलं होतं. म्हणजे स्वतःचे घडही कापायचे आणि सगळ्यांच्या चुकाही ऐकून घ्यायच्या.

घरी तान्ही मुलगी, सासू बयाबाईंच्या हवाली. अश्विनीचं दूध आटलं होतं. झोप लागलीच तर झोपेतही बोटं कात्रीसारखी हलायची. साहेबानं नुसती हाक मारली तरी छातीत धडधड. मासिकात तिनं वाचलं होतं, कामाचा ताण आला की खोल श्वास घ्यावा. ती घ्यायची. माल टिकावा म्हणून पेट्यांत घातलेल्या गंधकाच्या कागदाचा उग्र वास तेवढा छातीत भरायचा.

बायकांची तिथं एक रीत होती. लेकराला पाजायला जायचं असलं की शेजारणीच्या हाती आपली कात्री द्यायची. कात्री घेतली, की पाळी घेतली. परत येऊन कात्री मागून घेतली, की पाळी आपली.

त्या दिवशी मुलगी तापली होती.

"साहेब, तासभर घरी जाऊन येते."

"ताई, कंटेनर दारात उभाय," अमृत साहेब मान वर न करता म्हणाला. "पोरं काय तुम्हालाच हायेत?"

शेजारच्या लंकाबाईनं हात पुढे केला. "दे इकडं कात्री आन् पळ."

"नको, तुमचंच लई पडलंय," अश्विनी म्हणाली आणि तपासायची पेटी आणायला कोल्डरूममध्ये शिरली.

ती आत गेली अन् लाइट गेली. जनरेटर लागेपर्यंत थांबायचं, बस्स. थंडी पायांतून वर चढत होती.

टिच… टिच…

पेट्यांच्या मागं कुणीतरी घड कापत होतं. अंधारात.

"कोण आहे?"

"मी हाय." जुन्या ओळखीचा वाटावा असा आवाज. "लई दमलीस गं…"

हे वाक्य तिला कित्येक महिन्यांत कुणी म्हटलं नव्हतं.

"मुलगी तापलीय माझी…"

"मंग दे की कात्री. मी बघते सगळं."

बर्फासारखी बोटं तिच्या बोटांना लागली. तिनं कात्री दिली.

जनरेटर धडधडला, उजेड आला. आत नुसत्या पेट्या. ती धावतच बाहेर आली.

"लंकाबाई, आत कोण होतं?"

"आत? तू एकलीच गेलतीस."

मग ती जी पळत सुटली, ती थेट घरी.

मुलगी पाळण्यात शांत झोपली होती. ताप उतरलेला. ओठांच्या कडेला दुधाचा थेंब.

"परत का गं आलीस?" बयाबाईंनी विचारलं. "आत्ता तर पाजून गेलीस. पोट भरून प्याली बघ. तुझं हात मातर लई गार व्हतं."

बाळाच्या उशाशी कात्री होती. मुठीला निळी चिंधी, तिनंच बांधलेली.

"आत्या, ही इथं कुणी ठेवली?"

"तूच की. लोखंड असलं म्हंजी काय जवळ येत न्हाई, म्हणालीस."

लोखंडाला न भिणारं, ते काय असेल?

उचलायची फक्त. उचलली की पाळी आपली. तिनं हात लांबवला. मुलीच्या गालावर बारीक पांढरी पावडर दिसली, बोट न लागलेल्या मण्यावर असते तशी. तिचा हात तिथंच थांबला. कात्री घेतली की पुन्हा तेच. ते टेबल, तो कंटेनर, ते आटलेलं दूध. कसली आई आहे मी, असंही मनात आलं. पण डोळे किती दिवसांनी जड झाले होते… एक डुलकी. उठल्यावर घेऊ. ती गोधडीवर कलंडली.

जाग आली तेव्हा दिवस कलला होता. पाळण्याची दोरी कुरकुरत होती. अंग हलेना. तिनं कसाबसा बाळाच्या उशाशी हात नेला. कात्री नव्हती.

पडद्यापलीकडून बयाबाईंचा आवाज आला.

"अगं अश्विनी, आत हे कोण निजलंय?"

आणि अगदी तिच्याच आवाजात, हळूच, कुणीतरी उत्तर दिलं.

"कुणी नाही, आत्या. दमलेली बाई आहे. झोपू द्या तिला."