नावातली मोकळी जागा

ताईच्या डिस्कवर एक लाख ऐंशी हजार फोटो साठले होते. त्यांची नक्कल दुसरीकडे ठेवून झाली होती. आता हे पुसायचे आणि बाकीचं तसंच ठेवायचं. माउसने पुसत बसलो असतो तर केस पिकले असते. म्हणून दुपारी जेवण झाल्यावर मी ताईच्या संगणकावर हुकूम टाईप करायची काळी खिडकी उघडली आणि एका ओळीचा हुकूम लिहिला: यादीतलं एकेक नाव घे, ती फाईल पुसून टाक. बारा वर्षं हेच काम करतोय, हात आपोआप चालतो.

तिथेच घोळ झाला. नावात मोकळी जागा असली की त्याला अवतरणचिन्हं लावावी लागतात, ती मी विसरलो. ताईने दिलेली नावं तर अघळपघळ. 'आई बाल्कनीत'चे यंत्राने दोन तुकडे केले आणि दोन फाईली शोधल्या.

आई: अशी फाईल नाही.
बाल्कनीत: अशी फाईल नाही.

मला हसू आलं. मग आई जाऊन चार वर्षं झाली हे आठवलं आणि वाईट वाटलं. पण नुकसान काहीच नव्हतं. जे नाही ते पुसणार कसं? मी गंमत म्हणून तक्रारी वाचत बसलो.

'घड्याळ भिंतीवर'ची पाळी आली. 'भिंतीवर'ची तक्रार आली, 'घड्याळ'ची नाही. हे यंत्र काम झालं की गप्प राहतं, अडलं तरच बोलतं. मी वर पाहिलं. भिंतीवर खिळा होता आणि त्याखाली फिकट, गोल डाग. ताईने दुरुस्तीला दिलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

'छत्री नवी'. तक्रार फक्त 'नवी'ची.

स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, "अरे, माझी छत्री पाहिलीस का? आत्ता तर दारामागे होती."

नावं वर्णानुक्रमाने येत होती. छ झाला होता.

"ताई, जरा बाहेर ये."

"दूध तापू दे, आलेच."

मी थांबवायची कळ दाबली. ओळी धावतच होत्या. पुन्हा दाबली.

थांबलं. शेवटचा फोटो होता 'ताई गच्चीवर'.

गच्चीवर: अशी फाईल नाही.

त्याच्या वर 'ताई'ची तक्रार शोधली. नव्हती.

मी हाक मारली. पुन्हा मारली.

दूध उतू जाऊन करपल्याचा वास येऊ लागला.