रिकाम्या पलंगाचं माप

झोप तपासायच्या प्रयोगशाळेत तिला सगळे फटकळ म्हणायचे आणि ती त्या नावाला जागायची. काम साधं होतं. पलंगाच्या वर छताला टांगलेली पेटी झोपलेल्याच्या छातीवर न दिसणाऱ्या उजेडाचे ठिपके टाकते. छाती हलली की ठिपके हलतात, पडद्यावर रेघ वर-खाली होते. अंगाला तार नाही, नाकात नळी नाही. दहा सेकंद रेघ सपाट राहिली, की श्वास अडला.

त्या दुपारी तिने स्वतःच्या वडिलांनाच आणलं होतं. झोपेत त्यांचा श्वास मध्येच तुटायचा. आई तीन वर्षं कोपर तयार ठेवून झोपत होती. श्वास अडला की ढोसून उठवायची.

"इथं झोप नाही आली तर?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला? तुम्ही उभ्याउभ्या घोराल."

माणूस निजण्याआधी पाच मिनिटं रिकाम्या पलंगाचं माप घ्यायची रीत होती. पंख्याची, इमारतीची थरथर त्यात येते. तेच शून्य धरून पुढच्या मापातून वजा करायचं. पण आज रिकाम्या पलंगाची रेघ शांतपणे वर-खाली होत होती. मिनिटाला चौदा वेळा.

"थरथर आहे," डॉक्टर म्हणाले. "वजा कर आणि सुरू कर."

"थरथर मध्येच उसासा टाकते?"

"तोंड आवर. कामाला लाग."

तिने वजा केलं. पगारी माणसाची नेहमीची चूक: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं साहेबाच्या शब्दाने पुसून टाकायचं.

बाबा पलंगाच्या कडेला, कुशीवर झोपले. रेघ सपाट झाली. बारा सेकंद. मग वीस. तिने घाईघाईने वजाबाकी काढून टाकली.

आता रेघ कुठेच सपाट नव्हती. बाबांचा श्वास अडला की दुसरा, उथळ श्वास सुरू व्हायचा. बाबांचा परत आला की तो थांबायचा. पाळीपाळीने.

तिने पडद्याच्या खोलीतून, मधल्या काचेतून पलंगाकडे पाहिलं. बाबांचं तोंड उघडं, छाती दगडासारखी. पलंगाच्या रिकाम्या बाजूला चादर फुगत होती, बसत होती.

तीस सेकंद.

चाळीस.

ती धावली. हलवलं, ओरडली, शेवटी आईसारखं कोपर मारलं.

"अगं, बरगडी मोडशील!" बाबा उठून बसले. "काय झकास झोप लागली होती."

ते उतरल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. रिकाम्या पलंगाची रेघ आता दोरी ओढल्यासारखी सरळ. "बघ. गेली ना थरथर?"

त्यानंतर बाबांचा श्वास एकदाही अडला नाही. घोरणंही गेलं. आठवड्याने आई निर्धास्तपणे भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली.

"तुझ्या पेटीने सोनं केलं गं," ती म्हणाली.

लेक बाबांकडे पाहत होती. समोर बाबा जेवण उरकून पाणी पीत होते. गिळताना माणसाचा श्वास क्षणभर थांबतो, थांबावाच लागतो. बाबा घटाघट पीत होते. अख्खा तांब्या रिकामा होईपर्यंत त्यांची छाती वर-खाली होतच राहिली.