बारशाआधी टाइप केलेलं नाव

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा. कमेंटमध्ये येऊन मला शहाणपणा शिकवू नका. तो घरातल्यांनी, गेमच्या कंपनीने आणि कानाच्या डॉक्टरांनी मला भरपूर शिकवून झालाय.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. लाइटही गेले नव्हते.

गेल्या मार्गशीर्षातली भर दुपार होती. हैदराबादला कुकटपल्लीत आमचा पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. खाली भाजीवाला माइकवरून ओरडत होता, इतकी साधी दुपार.

मी त्रिवेणी. मराठीतून व्हिडिओ गेमचे रिव्ह्यू करते. बाबांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान आणि मी हे असलं करते, म्हणून नातेवाईक अजून विचारतात, "कामाला कुठं लागली का नाही ही?" जाऊ द्या. आधीच डोकं फिरलेलं आहे.

घरात तेव्हा आई होती, माझा दादा कुलदीप, अश्विनी वहिनी, आणि वहिनीचं महिन्याचं बाळ. माझं पहिलं भाचरू. बारसं त्याच रविवारी होतं.

बारशाला आत्याचा मान असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करायचं आणि त्याचं नाव सगळ्यात आधी आत्याने सांगायचं. आईने आम्हाला बजावून ठेवलं होतं.

"बारशापर्यंत ते नाव कुणाच्या तोंडातून निघालं नाही पाहिजे. पहिल्यांदा ते त्याच्या कानातच पडू दे. हौ का नाही?"

"हौ आई, हौ."

नाव वहिनीने निवडलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. का, ते कळेलच.

तर तो गेम. त्याचंही नाव सांगत नाही. ज्यात हिरो नुसत्या मनाच्या जोरावर गाड्या उचलून राक्षसांवर फेकतो, असा तो गेम. बरोबरच्या साथीदारांची मनं एकमेकांना जोडलेली. अडचणीत सापडलात की साथीदाराला मनातून हाक मारायची, मग त्याची शक्ती थोडा वेळ तुमच्यात येते. ऐकायला झकास वाटतं ना? खेळून बघा म्हणजे कळेल! भिंतीजवळ मारामारी सुरू झाली की कॅमेरा भिंतीत घुसतो. आपण बस फेकतो एकावर आणि ती पडते तिसऱ्याच्या डोक्यात. शुक्रवारी रिव्ह्यू द्यायचा होता आणि मला एक चांगलं वाक्य सुचत नव्हतं.

पण त्या सगळ्याच्या आधी गेमने नाव विचारलं.

हिरोचं नाव काय? मी 'त्रिवेणी' टाकलं. हे नाव आधीच घेतलेलं आहे. चॅनलचं नाव टाकलं. घेतलेलं आहे. आईचं टाकलं, पद्मावती. घेतलेलं! अरे, गेम अजून बाजारात आलेला नाही, मोजके रिव्ह्यूवाले खेळतायत, त्यात पद्मावती कोण घेऊन बसली? 'बिर्याणी' टाकलं. तेही कुणीतरी घेतलं होतं.

दिमाग खराब झाला माझा. वैतागून कंट्रोलर आपटला असता, पण आत बाळ झोपलं होतं.

तेव्हा ते नाव बोटांवर आलं. आठवडाभर मनातल्या मनात तेच घोकत होते ना.

आईने तोंडातून काढायचं नाही म्हटलं होतं. टाइप करायचं नाही, असं कुठे म्हटलं होतं?

टाइप केलं.

गेमने ते लगेच घेतलं.

मी खेळायला बसले. बाळाची झोप मोडू नये म्हणून कानाला हेडफोन होते. टीव्हीचा आवाज बंद. हे नीट लक्षात ठेवा. जो काही आवाज येत होता तो फक्त माझ्या कानात येत होता.

थोड्या वेळाने एका पुलावर मी राक्षसांच्या मधे सापडले. कॅमेरा नेहमीप्रमाणे खांबात. मी शिव्या घालतेय. आणि तेवढ्यात...

कुणीतरी हाक मारली.

बाळाच्या नावाने.

बाईचा आवाज होता. हळू. घाई नाही, ओरडणं नाही.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला आनंद झाला! म्हटलं, चला, एक तरी गोष्ट जमली यांना. आपण दिलेलं नाव गेम बोलून दाखवतो, रिव्ह्यूत कौतुक करू. मग लक्षात आलं. अख्खा गेम इंग्रजीत आहे. सगळे साथीदार हिरोला 'कॅडेट' म्हणतात. आणि त्या बाईने नावाच्या पुढे आणखी एक शब्द म्हटला होता...

"ये."

मराठीत. आई पोराला म्हणते तसं.

मी हेडफोन काढला. हॉलमध्ये शांत होतं. खालचा भाजीवालाही गेला होता.

आतून वहिनी बाहेर आली. केस मोकळे, डोळे झोपेचे.

"त्रिवेणी, तू बाळाला हाक मारलीस का गं?"

"नाही. का?"

"अगं, झोपला होता. एकदम डोळे उघडले आणि मान वळवली. भिंतीकडे."

बाळ अजून मान धरत नव्हतं. महिन्याचं पोर ते. आणि ती भिंत म्हणजे जिच्या अलीकडे, हॉलमध्ये, आमचा टीव्ही आहे.

मी खेळताना सगळं रेकॉर्ड करते, धंदाच आहे माझा. त्या पुलापर्यंत मागे गेले. माझ्या शिव्या होत्या. बस पडल्याचा आवाज होता. हाक नव्हती. पुन्हा ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं. जिथे हाक यायला हवी तिथे...

काहीच नव्हतं. राक्षसांचे आवाजही नव्हते. तेवढा तुकडा मुका होता.

संध्याकाळी दादाला सांगितलं. दादा आयटीत आहे, त्याला देव जरी भेटला तरी तो म्हणेल बग आहे.

"बग आहे. रिपोर्ट कर."

"दादा, मराठीत 'ये' म्हणाली ती."

"काईकू परेशान होतेस? दिवसभर हेडफोन लावून बसल्यावर काहीही ऐकू येतं."

कंपनीला मेल टाकला. गोड उत्तर आलं. आमच्या गेममध्ये तुम्ही दिलेलं नाव कुणीही उच्चारत नाही, ते फक्त पडद्यावर दिसतं. नाव नंतर बदलता येत नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार. आभार म्हणे! मी पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर पुन्हा आलं.

मी गेम उडवला. सेव्ह उडवला. गेमच्या मशीनची वायर काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ माझ्या मांडीवर होतं. फोनवर सूचना आली. गेमच्या ॲपची. बाळाचं नाव आणि पुढे लिहिलेलं... 'आता खेळत आहे.'

वायर माझ्या डोळ्यांसमोर गुंडाळलेली पडली होती.

आणि मांडीवरच्या बाळाने मान वळवली. भिंतीकडे.

तेव्हा मात्र मी बाळाला घेऊन तडक उठले. जाऊन आईला सगळं सांगितलं. आई पुरणाची डाळ निवडत होती. तिने ताट बाजूला ठेवलं.

"अगं कार्टे! बाळाच्या कानात पडायच्या आधी नाव परक्याला दिलंस?"

"आई, परकं कोण? मशीन आहे ते."

"मग त्याला हाक कोण मारतंय?"



आईने ठरवलं, नाव बदलायचं. शिवराज ठेवायचं. वहिनी खूप रडली. ते नाव तिने सातव्या महिन्यात ठरवलं होतं, त्या नावाची दुपटीसुद्धा स्वतःच्या हाताने भरली होती. माझ्याशी ती धड बोलेना. दादा सगळ्यांवरच चिडला. "एका गेमपायी मुलाचं नाव बदलताय? वेड लागलंय का तुम्हाला?" पण आईपुढे त्याचं काही चाललं नाही. आई म्हणाली, जी कोण असेल ती त्या नावाने हाका मारून मारून दमेल आणि जाईल. आमच्या पोराला दुसरं नाव दिलं की झालं.

मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

रविवारी बारसं झालं. जामबागेच्या मावश्या, सुलतान बाजारातल्या काकू, सगळ्या बायका हॉलमध्ये दाटीवाटीने. मशीन मी आदल्या दिवशीच मित्राकडे पाठवून दिलं होतं. पाळणा त्या भिंतीपासून लांब ठेवला होता. घुगऱ्यांचा वास, शेवंतीच्या वेण्या, पोरांचा गोंधळ. भीती वाटावी असं काहीही नव्हतं.

मी पाळण्यात वाकले. बाळाच्या कानाजवळ तोंड नेलं. 'कुर्रर्र' केलं. 'शिवराज' म्हणायला श्वास घेतला, आणि...

बाळाच्या दुसऱ्या कानाशी कुणीतरी ते नाव घेतलं.

जुनं. माझ्या आधी.

पाळण्याच्या त्या बाजूला कुणी नव्हतं. मी बघत होते ना! झालर होती, खुळखुळा होता, बस. पण बाळ त्या बाजूला वळलं. आणि हसलं.

मी ओरडून म्हटलं, "शिवराज! शिवराज! शिवराज!"

बायका खो खो हसल्या. काय आत्या आहे, किती घाई! मग रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घालायला लागल्या. मी वाकलेलीच. दणादण हात पडत होते, गरम, बांगड्यांचे. त्यात एक हात...

एक हात पडला नाही. पाठीवर येऊन टेकला. गार. शाबासकी दिल्यासारखा तो थोडा वेळ तिथेच राहिला.

मी वळले तेव्हा धपाटे घालणाऱ्या कधीच मागे सरल्या होत्या, सगळ्यांच्या हातात घुगऱ्या होत्या.

याला आता आठ महिने होतील. शिवराज छान आहे, बाळसं धरलंय, रांगतो. फक्त आम्ही 'शिवराज' म्हटलं की तो बघत नाही. आई घसा कोरडा करते, दादा टाळ्या वाजवतो, वहिनी तर हाका मारता मारता रडायला लागते. ढिम्म. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, कान उत्तम आहेत, तुम्ही उगाच काळजी करता. उगाच म्हणे! नऊ महिन्यांचं पोर स्वतःच्या आईच्या हाकेला वळत नाही, आणि आम्ही उगाच काळजी करतोय.

दुपारी मात्र तो वळतो.

रोज नाही. पण खेळता खेळता मधेच हातातलं टाकतो, त्या भिंतीकडे बघतो आणि हसून दोन्ही हात वर करतो. उचलून घे म्हणून. टीव्ही आम्ही तिथून कधीच काढलाय. नुसती भिंत आहे.

दादा आता बग म्हणत नाही.  तो रिव्ह्यू मी दिलाच नाही. लोक विचारतात, ताई, तो गेम कसा होता? काय सांगू? कॅमेरा वाईट आहे, एवढंच सांगते.

काल मला राहवलं नाही. आई मंदिरात गेली होती. शिवराज हॉलमध्ये वाटी आपटत बसला होता. मी त्याच्यासमोर बसले आणि त्याला त्या जुन्या नावाने हाक मारली. म्हटलं, चूक तर चूक, एकदा तरी आपल्या माणसाकडे बघू दे त्याला.

त्याने वाटी टाकली.

माझ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत! जन्मल्यापासून पहिल्यांदा आमच्या हाकेला वळलं माझं पोर. मला रडूच फुटलं. मी हात पुढे केले. "ये," म्हटलं.

तो आला नाही.

त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. अनोळखी माणसाने बोलावलं की मूल आधी आपल्या आईकडे बघतं ना, जाऊ का म्हणून... तसं.

माझ्या मागे तीच भिंत होती. वहिनी स्वयंपाकघरात पोळ्या करत होती.