स्विचपाशी बसणारा

खोलीत अंधार मुद्दाम केला होता, हे आधीच सांगते. नाहीतर म्हणाल, दुपारी तीन वाजता कसली आलीय भुताटकी. जुन्या ऑसिलोस्कोपमध्ये वीज नेमकी कुठे गळते हे शोधायचं असेल तर खिडक्या झाकाव्याच लागतात. गळती म्हणजे तारेपाशी फिकट जांभळ्या प्रकाशाची एक लव. उजेडात ती दिसत नाही.

ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची थरथर हिरव्या रेषेनं काढून दाखवणारं यंत्र. आमचा हा माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. पुढे ताटलीएवढा गोल पडदा, मागे लोखंडी पेटी, आणि उचलायला दोन माणसं. पडद्यावर ती रेषा उमटावी म्हणून आत काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो. बिघाड होता तो तिथे. यंत्र चालू केलं की रेषा छान बारीक यायची. दहा मिनिटांनी, पेटी तापली की, फुगायला लागायची. मोठी होत जायची आणि फिकी होत जायची, आणि शेवटी सगळ्या पडद्यावर पसरून नाहीशी व्हायची. म्हणजे तापल्यावर दाब उतरत होता. का, ते मला शोधायचं होतं.

शोधणं भाग होतं. बाबांचं उपकरणं दुरुस्तीचं दुकान, पुढे काउंटर, मागे कामाची खोली. काका गेले तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, मागची खोली बंद होती. काका म्हणजे बाबांचे भागीदार. नात्याचे कोणी नव्हेत, पण माझ्या सायकलीमागे धावले ते तेच. आता बाबांना दुकान विकायचं होतं. मी पदवी घेऊन आले होते, मला चालवायचं होतं. आठवडाभर घरात भांडण. शेवटी बाबा म्हणाले, "तो स्कोप चालू करून दाखव. झाला तर किल्ली तुझी. नाही झाला तर शनिवारी दुकान दिलं, आणि तू मुकाट्यानं नोकरी बघायची."

काका त्याच स्कोपवर काम करताना गेले होते. बाबांनी दुसरं यंत्र का नाही निवडलं हे मला लगेच कळलं. त्यांना वाटलं मी घाबरेन. मी त्याच दुपारी खिडक्यांचे पडदे ओढले.

आमच्या दुकानात एक रीत होती. उच्च दाबाचं काम एकट्यानं करायचं नाही. दाराजवळ भिंतीवर मुख्य स्विच, त्याच्याखाली स्टूल. दुसऱ्यानं तिथे हात स्विचवर ठेवून बसायचं. काम करणाऱ्यानं डावा हात खिशात घालायचा, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जायला वाट उरत नाही. आणि आत हात घालण्यापूर्वी दर वेळी विचारायचं, "आहेस?" स्टुलावरच्यानं म्हणायचं, "आहे." मगच हात पुढे.

"हे काय लपंडाव आहे का?" मी म्हटलं. "मला सुरक्षेचा अख्खा पेपर होता, बाबा."

"त्या पेपरात मेलेलं कोणी होतं का?" असं म्हणून बाबा स्टुलावर बसले.

मग तिथूनच त्यांच्या सूचना सुरू झाल्या. तो कंडेन्सर आधी तपास. त्या ट्रान्सफॉर्मरवर मेण आहे, त्याला नखसुद्धा लावू नकोस. मी म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नका, इथे येऊन बघा. ते जागचे हलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, हट्ट.

पहिल्या तासात मी वीज साठवणारे ते कंडेन्सर एकेक सोडवून तपासले. दोन गळके निघाले, ते बदलले, तरी दहाव्या मिनिटाला रेषा फुगलीच. मग राहिला ट्रान्सफॉर्मर. मी दिवा घालवला आणि यंत्र पुन्हा तापू दिलं. अंधारात नुसता पडद्याचा हिरवा उजेड, तोही ओसरत चाललेला. आधी वास आला, वीज पडून गेल्यावर हवेला येतो तसा, तिखट. मग आवाज. तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा, पण न थांबणारा. आणि मग ती दिसली. ट्रान्सफॉर्मरमधून निघालेली एक जाड तार पेटीच्या पत्र्याच्या फार जवळून गेली होती, आणि तिच्या कडेला जांभळी लव थरथरत होती.

सापडलं होतं. तार जरा दूर ढकलून पाहायची, लव विझली की निदान पक्कं. आईची विणकामाची प्लॅस्टिकची सुई मी त्यासाठीच आणली होती. सुई तशी आखूड. बोटं तारेच्या वितभर जवळ जाणार.

"आहात?" मी विचारलं.

"आहे," बाबांचा आवाज आला.

मी वाकले. आत नीट दिसेना, म्हणून आधाराला पेटीची कड धरली. डाव्या हातानं. तो खिशातून कधी बाहेर आला हे मला आजही सांगता येणार नाही. सुई तारेकडे सरकत होती, आणि स्टुलाच्या दिशेनं, अगदी हळू, घाई नसलेल्या माणसासारखं कोणीतरी म्हणालं,

"नाही."

मी थांबले.

"बाबा... नाही म्हणजे काय?"

नुसती ती चरचर. आणि एक नवा वास, सोल्डरिंग करताना निघणाऱ्या राळेच्या धुराचा. ताजा. कंडेन्सर बदलून मला अर्धा तास होऊन गेला होता आणि सोल्डरिंग गन टेबलाखाली गार पडली होती.

मी दोन्ही हात मागे घेतले. भिंत चाचपडत दाराकडे गेले. स्टूल रिकामं होतं. स्विच मी बंद केला, दाराचा पडदा बाजूला केला, तर बाबा पुढच्या खोलीत काउंटरपाशी उभे. समोर कोणी गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं होतं.

"तुम्ही इथे कधी आलात?"

"आत्ताच. एक मिनिट."

"मी विचारलं तेव्हा 'आहे' कुठून म्हणालात?"

बाबांनी गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं. दार लोटून घेतलं.

"सवय," ते म्हणाले. "हाक ऐकली की तोंडातून जातं."

"आणि आत 'नाही' कोण म्हणालं?"

त्यांनी एकदा स्टुलाकडे पाहिलं. मग काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता. काका गेले त्या दिवशीही असंच झालं होतं. काका आत, बाबा स्विचवर. बाहेर कोणीतरी हाक मारली. बाबा उठून काउंटरवर आले. आतून काकांनी विचारलं, "आहेस?" बाबा इथूनच म्हणाले, "आहे." ते धावत परत पोचले तोवर उशीर झाला होता.

"पण तुम्ही तर सगळ्यांना सांगितलंत की काकांनी न विचारताच हात घातला."

"काय सांगणार होतो? तिच्यासमोर उभं राहून काय सांगणार होतो मी?"

तिच्या म्हणजे काकूंच्या. दोन वर्षं काकूंना वाटत होतं, आपला नवरा स्वतःच्याच निष्काळजीपणानं मेला.

"आत्ता चला काकूंकडे," मी म्हटलं. "आत्ताच."

बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. "दुकान तुझं. स्कोप चालला नाही तरी तुझं. पण हे तेवढं पोटात ठेव, पोरी."

मला मोठ्या माणसांच्या अळीमिळी गुपचिळीचा किती तिटकारा आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यावरून मी मामांशी वर्षभर बोलले नव्हते. तरी मी किल्ली उचलली.

तारेवर जाड नळी चढवली, पत्र्यापासून दूर बांधली. स्कोप तीन तास सलग चालला. रेषा केसासारखी, हलली नाही. बाबा स्टुलावर एकदाही बसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात काकू आल्या. काकांचं भिंग हवं होतं, तेवढंच न्यायचं होतं. ते घेतल्यावरही त्या उभ्या राहिल्या.

"तुला आता यातलं कळतं," त्या म्हणाल्या. "मग खरं सांग. त्यांचीच चूक होती ना? न विचारता हात घातला?"

बाबा काउंटरवर एक स्क्रू पुसत होते. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

"मी दोन वर्षं रागावून आहे त्यांच्यावर," काकू म्हणाल्या. "जेवायला बसले की राग येतो. म्हटलं, एवढं काय अडलं होतं, एक शब्द विचारायला?"

"हो काकू," मी म्हटलं. "घाईत राहून गेलं असेल त्यांच्याकडून."

त्यांनी मान हलवली. भिंग पदराला पुसलं आणि गेल्या. मी मागच्या खोलीकडे कान देऊन उभी राहिले. 'नाही' ऐकू येईल म्हणून. मला ते यायला हवं होतं, तुम्हाला खरं सांगते. पण आत कोणी काहीच बोललं नाही. राळेचा वास तेवढा पडद्याखालून येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दुकान उघडलं. स्कोप मला खिडकीकडे सरकवायचा होता, म्हणून मी त्याची वायर काढून गुंडाळायला घेतली. अशा यंत्राच्या उच्च दाबाला एक बारीक शिट्टी असते, फार उंच स्वराची. तरुण कानांनाच ती ऐकू येते. बाबांना ती ऐकू येईनाशी होऊन पंधरा वर्षं झाली असतील.

बाबा दारातच थबकले. मान वाकडी करून, पेटीकडे बघत.

"केव्हाची वाजतेय गं ती शिट्टी?"

मला काही ऐकू येत नव्हतं. मी श्वास रोखून ऐकलं. काही नाही.

"कसली शिट्टी, बाबा?"

"वाढतेय," ते म्हणाले, आणि एक पाऊल आत आले. "जवळून येतेय... बंद कर ना ते यंत्र."

त्याचा प्लग माझ्या हातात होता.