पार्सलच्या काट्यावरचा डबा

पुस्तकांची पार्सलं तोलायच्या काट्यावर कुणी जेवणाचा डबा आणून ठेवील, असं तिला ग्रंथपालाच्या नोकरीत नऊ वर्षांत कधी वाटलं नव्हतं. सोमवारी दुपारी एक वाजता समोरच्या चष्म्याच्या दुकानदाराने तो ठेवला.

"हे वाचनालय आहे," ती म्हणाली.

"म्हणून तर हळू बोलतोय." त्याने खिशातून घडी घातलेला फॉर्म काढला. "शनिवारी आहारतज्ज्ञांकडे पहिल्यांदाच जायचंय. आठवडाभर जे खाऊ ते तोलून लिहा म्हणतात. माझ्याकडे नुसती डोळे तपासायची यंत्रं आहेत हो…"

तसाच फॉर्म तिच्या खणात पडला होता. दवाखाना तोच, वारही तोच. त्याला साखर उतरवायची होती, हिला वजन वाढवायचं होतं. "एक दिवस वाऱ्याने उडून जाशील," म्हणत वहिनीने फोनवरूनच नाव नोंदवून टाकलं होतं. वहिनीचं काय चुकलं? दादा-वहिनी दुसऱ्या गावी गेल्यापासून ही बाई दोन बिस्किटं चहात बुडवायची आणि जेवण झालं म्हणायची. हल्ली जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, ते तर तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

फॉर्मवर ठळक अक्षरांत बजावलं होतं: नेहमीचंच खा, सवयी बदलू नका. मंगळवारी तिने सकाळी लवकर उठून पोळी-भाजीचा डबा केला. समोर माणूस जेवायला बसल्यावर आपण बिस्किटं कशी चघळायची? निदान मनाची समजूत तरी तिने अशीच घातली.

"भाजी ऐंशी ग्रॅम," बुधवारी तिचाही फॉर्म पुढ्यात घेऊन त्याने तिचा डबा तोलला. "चिमणी जेवायला येणार आहे का?"

"तुम्ही तुमच्या भाताकडे बघा."

"तुमच्याकडे बघितलं की भात कमी जातो… लिहू का तसं फॉर्मवर?"

ती काट्याकडे बघत राहिली. तिचे कान तापले होते.

गुरुवारी तो वीस मिनिटं उशिरा आला. कुणाच्या तरी चष्म्याची काडी तुटली होती. तिच्या पोटात कावळे ओरडत होते, पण झाकण काही उघडवेना. वीस मिनिटांत तिने खिडकीशी किती फेऱ्या मारल्या, ते विचारू नका. त्याला बघून मात्र म्हणाली, "अरे, एक वाजून गेला वाटतं?"

शुक्रवारी त्याने मऊ फडक्याने काटा पुसला. "आजचा शेवटचा दिवस. सोमवारपासून तुम्हाला त्रास नाही."

कसला त्रास, असं ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं नुसतं, "बरं." त्या एका 'बरं'साठी संध्याकाळभर तिने स्वतःला शिव्या घातल्या. तो हवा होता तिला, दुपारी एक वाजताही आणि एरवीही.

शनिवारी तिचा नंबर आधी लागला. आहारतज्ज्ञ बाईंनी फॉर्म वाचला, कपाळाला आठ्या घातल्या. "जेवण तर छान आहे तुमचं. मग वजन का उतरतंय? आता रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतील."

ती गप्प बसू शकली असती. पण बाई ज्या आजाराच्या मागे लागणार होत्या, तो तिला नव्हताच.

"लिहिलंय ते खरं आहे," ती म्हणाली, "पण नेहमीचं नाही. नेहमी मी दुपारी दोन बिस्किटं खाते. अंधारीही येते… या आठवड्यात जेवायला सोबत होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मग बराच वेळ नीट, आपुलकीने विचारपूस केली.

ती बाहेर आली. तो बाकावर फॉर्मची घडी घालत, उलगडत बसला होता.

"रागावल्या का?"

"नाही. मी खरं सांगून आले." "मी आठवडाभर जेवले, ती तुम्ही येत होता म्हणून. सोमवारी येणार नाही म्हणालात, तेव्हा मी बरं म्हटलं… मला बरं वाटलं नव्हतं."

तो उठून उभा राहिला.

"सोमवारी तोलायला काहीच नसेल," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तरी येऊ?"

"या."

आतून त्याचं नाव पुकारलं. तो हलला नाही. पुन्हा पुकारलं, तसा तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"मला वेळ लागेल बहुतेक… थांबाल?"

"थांबते," ती म्हणाली, आणि त्याच्या जागेवर बसली. बाक अजून ऊबदार होता.