रिकाम्या आवाराची बेरीज

काचेच्या कडेला जिलेटिनचा थर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटत चालला होता. रेवती मयेकरने ती काच शीतकक्षातून काढली आणि उजेडाच्या मेजावर अलगद ठेवली. सव्वाशे वर्षांपूर्वीचे सावरबेट उलट्या रंगांत उजळले: काळे आकाश, पांढऱ्या सावल्या, विलगीकरण केंद्राच्या कौलारू शेडी, आणि पुढे हात पाठीमागे बांधून उभा असलेला एक टोपीवाला साहेब. बाकी आवार मोकळे. जमिनीवर तेवढे पातळ धुके होते. ते दवाचे, असे अभ्यासकांनी ठरवून टाकले होते.

त्या बेटाच्या जेवढ्या काचा उरल्या होत्या, त्या सगळ्या अशाच होत्या. प्लेगच्या वर्षांत गलबतांवरची आणि किनाऱ्यावरच्या गावांतली माणसे तिथे कोंडून ठेवली होती असे कोळीवाड्यांतून सांगत. तिथल्या प्रत्येक तुकडीचे छायाचित्र काढून बंदराच्या पोलिसांकडे पाठवायचा हुकूम होता. त्या चित्रांत ज्याचा चेहरा दिसेल त्याला रोगाच्या संशयावरून गोदीत काम मिळू नये म्हणून. पण काचांवर माणसेच नव्हती. त्यामुळे हे केंद्र नुसते कागदावर होते, असा निष्कर्ष पुस्तकांतून छापून आला होता.

रेवती किनारपट्टीच्या चित्रसंग्रहाची जतनप्रमुख होती. तिचा नवरा दिगंबर जाऊन आठ महिने झाले होते. ती वेळेवर जेवत होती, झोपत होती, कामावर येत होती. दाताच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसे तिचे दिवस चालले होते. दिगंबरचे फोटो फोनमध्ये होते. ते तिने पुसले नव्हते आणि उघडलेही नव्हते.

त्या दिवशी डॉ. इक्बाल परकार आपले यंत्र घेऊन आले. पदार्थविज्ञानात त्यांनी उभी हयात घालवली होती आणि त्यांच्या यंत्राला अजून एकही खरी जुनी काच मिळाली नव्हती. यंत्राचे नाव त्यांनी क्रमवाचक ठेवले होते.

"काचेवर चांदीचे अब्जावधी कण असतात," त्यांनी समजावले. "उजेड लागला की कणाच्या पोटात एक गाठ बसते. टोपलीतल्या भाकऱ्यांना हात लावला की आधीची कुठली आणि आत्ताची कुठली ते कळतं ना? तसंच आहे. कुठल्या गाठीला उजेड आधी लागला, कुठल्या गाठीला नंतर, हे माझं यंत्र ओळखतं. ही काच मंद जातीची, उजेड हळू टिपणारी आहे. भिंग पाऊण मिनिट तरी उघडं राहिलं असेल. ते पाऊण मिनिट मी तुम्हाला क्षणाक्षणाने उलगडून दाखवू शकतो."

"आणि काचेचं काय होतं?"

"वाचलेली गाठ विरघळते. शेवटी हाती कोरी काच राहते."

एरवी रेवती या एका वाक्यावर महिनाभर भांडली असती. जतन म्हणजे वस्तू राखणे, असे ती नव्या मुलांना शिकवत आली होती. आता तिने फक्त सुटलेल्या थराकडे पाहिले. दोन पावसाळ्यांत ही काच आपोआपच कोरी होणार होती. तिने एवढीच अट घातली, की आधी ही एकच काच वाचायची. बाकीच्यांचे नंतर पाहू. आपण इतक्या सहज हो म्हणालो याचे तिला दुपारी जेवताना जरा नवल वाटले, आणि मग तेही वाटेनासे झाले.

वाचन आठवडाभर चालले. ज्या सकाळी ते पूर्ण झाले, त्या सकाळी परकारांनी काळाचे सगळे काप एकामागून एक लावले आणि पडद्यावर चित्र सोडले.

आवार माणसांनी भरलेले होते.

बायका होत्या, कडेवर पोरे घेतलेले बाप्ये होते, एक काठीवाली म्हातारी होती. शंभराच्या घरात माणसे असतील. सगळी चालत होती. एका शेडीपासून दुसरीपर्यंत, तिथून वळून परत, एकमेकांना ओलांडत. चेहरे विरविरीत होते, पण नाक-डोळे ओळखू येत होते. साहेब तेवढा पुढे पुतळ्यासारखा उभा होता.

परकारांनी पडद्याकडे बोट दाखवले. ते म्हणाले, की चालते माणूस कुठल्याच एका जागी पुरेसा उजेड सोडत नाही, म्हणून साध्या चित्रात ते उमटत नाही. ज्याला दव म्हणत होते ती ही माणसे. जलद काचा बाजारात मिळत असताना इथे मुद्दाम मंद काच वापरली होती. सरकारला आवार रिकामे दाखवायचे होते, म्हणून या लोकांना चालत ठेवले, असा त्यांनी अर्थ लावला. रेवतीला तो पटला. ते पुराव्याचे पहिले चित्र होते आणि परकार ते जगापुढे ठेवायला निघाले होते.

त्याआधी भागीरथी तांडेल यांना बोलवायचे ठरले. भागीरथीकाकी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांची पणजी येसू सावरबेटावर होती, हे त्या वर्षानुवर्षे सांगत होत्या आणि प्रत्येक अभ्यासक त्यांना त्याच रिकाम्या काचा दाखवत होता. येसूचा एकही फोटो घरात नव्हता. एकदा तिचे तोंड बघायला मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. आता ते शक्यही होते. संग्रहात चढलेला प्रत्येक चेहरा वंशजुळणी यंत्रणेतून जाई. ती जिवंत माणसांच्या चेहऱ्यांशी तो ताडून बघे आणि त्याचे नाव, कूळ, गाव शोधून सगळ्यांसाठी खुले करी.

काकी यायच्या आधी रेवतीने चित्र पुन्हा एकदा लावले. यावेळी ती माणसांकडे न बघता जमिनीकडे बघत होती. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी होता. त्याची आणि त्याच्या तिपाईची सावली खालच्या कडेला पडली होती. जुन्या चित्रात त्या सावलीला एकच हात होता आणि कुणाला त्याचे काही वाटले नव्हते. आता दुसरा हात दिसत होता. तो हलत होता. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. रोप लावणाऱ्यांना बांधावरून खूण करावी तसा. माणसे त्या हाताकडे बघत चालत होती. साहेबाची त्यांच्याकडे पाठ होती आणि आपले चित्र हलू नये म्हणून त्याने मानही वळवली नव्हती. शेवटच्या कापांत तो हात खाली आला आणि सगळे आवार जागच्या जागी थांबले. एका पोरीने पदर तोंडावर दाबून धरला होता. ती हसत होती.

रेवतीने परकारांना बोलावले आणि ती सावली दाखवली. त्यांनी ती तीनदा पाहिली.

"म्हणजे त्यांना कुणी लपवलं नाही," ते शेवटी म्हणाले. "तेच लपले."

"बंदरावर नुसत्या साहेबाचं चित्र गेलं," रेवती म्हणाली. "म्हणून ही माणसं सुटल्यावर कामाला लागू शकली."

कोरी काच मेजावर तशीच पडली होती. त्या माणसांनी मिळून जो आडोसा उभा केला होता तो त्या काचेत होता. दोघांनी तो आठवडाभरात कण कण करून वितळवला होता. रेवतीला वाटले, आता आपल्याला काहीतरी वाटायला हवे. फक्त बोटे गार पडली होती.

भागीरथीकाकी आल्या. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. चित्र सुरू झाले तसा त्यांचा हात गळ्याशी गेला. त्यांनी ते पूर्ण पाहिले. मग त्यांनी विचारले, "यातली कुठली?"

परकारांनी सांगितले, की ते आत्ता कुणालाच ठाऊक नाही. पण तुमच्या चेहऱ्याशी ताडून यंत्रणा थोड्या वेळात सांगेल. ते सांगताना त्यांनी रेवतीकडे पाहिले नाही. रेवतीने मग सावलीचा हात दाखवला आणि तो काय सांगत होता तेही सांगितले. ताडून बघायचे तर आधी सगळे चेहरे संग्रहात चढवावे लागतील, आणि एकदा चढले की यातल्या प्रत्येकाचे नाव-गाव कुणालाही बघता येईल, हेही तिने लपवले नाही.

काकींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

"ती परत आली तेव्हा कुणाला बोलली नाही," त्या म्हणाल्या. "मरताना माझ्या आजीला तेवढं सांगितलं. इतकं करून लपली ती, बाय. आता मी तिला धरून देऊ?"

"तुम्हाला तिचं तोंड बघायचं होतं, काकी."

"बघितलं की. यातच आहे ना कुठेतरी." मग त्यांनी विचारले, "हे परत होतं तसं करता येतं का?"

रेवतीने परकारांकडे पाहिले. उत्तर दोघांनाही माहीत होते. काळाचे सगळे काप एकावर एक चढवून त्यांची बेरीज केली, की पुन्हा तेच जुने चित्र तयार होणार होते. भिंगाने तेव्हा केले होते तेच. सुटे काप मात्र मग पुसावे लागले असते.

"बेरजेतून पुन्हा आकडे निघत नाहीत," परकार म्हणाले. "उद्या कुणीही म्हणेल, बेटावर कुणी नव्हतंच. आणि रेवतीताई, हे माझं पहिलं वाचन आहे."

"म्हणू देत," काकी म्हणाल्या. "आम्ही सांगतोच की, होती म्हणून. एवढी वर्षं तेच तर करतोय."

परकार खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. संग्रहाच्या वस्तूंवरचा निर्णय जतनप्रमुखाचा असतो, हे त्यांना माहीत होते. थोड्या वेळाने, पाठमोरेच, त्यांनी सुटे काप पुसण्याचा परवलीचा शब्द रेवतीला सांगितला.

रेवतीने बेरीज सुरू केली. पहिल्या कापावर दुसरा चढला, त्यावर तिसरा. माणसे चालत होती, पण प्रत्येक पावलाबरोबर पातळ होत होती. आधी म्हाताऱ्या बाईची काठी गेली, मग कडेवरची पोरे, मग चेहरे. पदरामागे हसणारी पोर शेवटच्या कापात थांबलेली होती, म्हणून जराशी जास्त टिकली. मग तीही मागच्या कौलांत मिसळली. सावलीचा दुसरा हात विरला. काकी पुढे वाकून बघत होत्या. रेवतीही बघत होती, आणि पडदा अस्पष्ट का झाला हे तिला काही क्षण कळले नाही. तिने बाहीने डोळे पुसले.

आता जमिनीवर पातळ धुके होते आणि पुढे तो टोपीवाला साहेब, आपल्या पाठीमागे कोण आहे याचा पत्ता नसलेला, एकटाच उभा होता.