वीस पैलवानांची पृथ्वी

रविवारी सकाळी राजनंदिनी चौगुले आठ महिन्यांच्या भावाला कडेवर घेऊन तालमीत गेली, तेव्हा दारातच तिला कुणीतरी विचारलं, "तू कोन प्रानी रं?"

विचारणारा दुधी भोपळ्यासारखा उभट आणि फिकट हिरवा होता. त्याला तीन डोळे होते आणि हातात एक चकचकीत पाटी होती.

राजी घाबरली नाही. त्या काळात परग्रहावरचे पाहुणे अधूनमधून येऊन जायचे. आंबेडोहच्या तालमीत आठ दिवसांपूर्वी एक जण उतरलाय, हेही गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आखाड्यातली लाल माती तेल आणि ताक घालून मऊ केलेली असते. यान उतरवायला इतकी मऊ जागा त्याला साऱ्या तालुक्यात दुसरी दिसली नव्हती. राजीचे वडील हिंदुराव हे त्या तालमीचे वस्ताद (कुस्ती शिकवणारे गुरू). त्यांनी पाहुण्याला एक खोली दिली, रोज तांब्याभर दूध दिलं आणि वर कसलीही चौकशी केली नाही. त्याचं नाव लूंग. मराठी तो तालमीतच शिकला होता.

"मी माणूस आहे," राजी म्हणाली.

लूंगने पाटी चाळली. "न्हाईस. मानूस येकशेचार किलोचा आसतो. त्येचा कान मोडल्याला आसतो. त्येला मिशा आसत्यात. तू येकोनचाळीस किलोचा हायस."

"किलोची. मी मुलगी आहे."

"मुलगी म्हंजे?"

मग राजीच्या लक्षात आलं, तालमीत सगळे पुरुषच. आठ दिवसांत 'आली', 'गेली' असा शब्दच त्याच्या कानावर पडला नव्हता. तेवढ्यात तिन्ही डोळे बाळाकडे वळले.

"आनि ह्यो? ह्यो तुजा खुराक हाय व्हय?"

"हा माझा भाऊ आहे!" राजीने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मोठा होतोय अजून."

"पृथ्वीवर ल्हान मानसं नसत्यात," लूंग ठामपणे म्हणाला. "मी मोजल्यात."

त्याने पाटी तिच्यासमोर धरली. वर लिहिलं होतं, 'पृथ्वीवरील मानवांचा अहवाल'. त्याखाली: सर्व मानव पुरुष. व्यवसाय, कुस्ती. खुराक, दूध, बदाम, तूप. वस्त्र, लंगोट. भेटल्यावर करायचा नमस्कार, दंड थोपटून समोरच्याला उचलावे व पाठीवर पाडावे.

राजीला इतकं हसू आलं की बाळही हसायला लागलं.

"हासू नगंस. आज बारा वाजता ह्यो अहवाल आमच्या ग्रहावर जानार. मग म्होरल्या म्हैन्यात आमचं चाळीस हजार पाव्हनं मैत्री कराया येनार. दिसंल त्या मानसाला त्येच्याच रीतीनं नमस्कार घालनार."

राजीचं हसू थांबलं. चाळीस हजार दुधी भोपळे गावोगाव फिरताहेत आणि दिसेल त्याला उचलून आपटताहेत, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. मग त्या चित्रात अनुसया आत्या आली. आत्याच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया होऊन दोनच महिने झाले होते.

"आबा!" ती ओरडली.

हिंदुराव टॉवेलने मान पुसत बाहेर आले. राजीने अहवाल वाचून दाखवला. दूध-बदाम ऐकून त्यांनी मान डोलावली, कुस्ती ऐकून मिशीवरून हात फिरवला. "चांगलं लिवलंय की पाव्हन्यानं."

"आबा, पाहुणे आत्याला धोबीपछाड घालणार आहेत."

धोबीपछाड हा समोरच्याला पाठीवर घेऊन आपटायचा डाव. हिंदुरावांनी आयुष्यात भले भले पैलवान अंगावर घेतले होते, पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचा आवाज अजूनही निघत नसे. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. "ताईला? आरं द्येवा. ती पाव्हन्यांना काय करंल ते करंल, पन नंतर मला जित्ता सोडायची न्हाई. राजे, थांबीव ह्येला!"

"तुमचा अहवाल चुकलाय," राजी लूंगला म्हणाली.

लूंग दुखावला. त्याचा फिकट हिरवा रंग गडद झाला. "चुकंल कसा? यानात दोन हजार मोजचेंडू हायत. येक चेंडू येका मानसाला इचारतो, मोजतो, परत येतो. दोन हजार नोंदी हायत माज्याकडं!"

"कुणाच्या?"

"ह्यांच्या." त्याने आखाड्याकडे बोट केलं. तिथे वीस पैलवान जोर मारत होते. म्हणजे प्रत्येकाला शंभर-शंभर वेळा मोजून झालं होतं. एक पैलवान वैतागून ओरडला, "राजे, त्येला सांग, माजं वजन रातीत बदलत न्हाई!"

काहीतरी चुकतंय हे राजीला दिसत होतं, पण नेमकं काय ते सांगता येईना. नोंदी तर दोन हजार होत्या आणि एकही खोटी नव्हती. मग खरं एवढं असूनही उत्तर खोटं कसं? घड्याळात दहा वाजून गेले होते.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मटणाच्या रश्श्याचा वास आला. तालमीचा आचारी सुबरावमामा भल्यामोठ्या पातेल्यापुढे उभा होता. लूंगला रस्सा फार आवडायचा. तो लगेच चमचा घेऊन धावला, वरचा लालभडक तवंग उचलून त्याने तोंडात घातला आणि त्याचे तिन्ही डोळे मिटले.

"मामा, आज निस्तं त्येलच शिजीवलंस?"

"आरं, वरची तर्री हाय ती!" सुबरावमामा खवळला. "आदी ढवळ, मग चव बघ. धा वर्सं सांगतोय सगळ्यास्नी!"

राजी उभ्या जागी उडालीच. "मामा, थांबा! लूंग, तुम्ही आता किती चमचे तर्री खाल्लीत?"

"येक."

"आणखी शंभर चमचे वरूनच घेतले, तर तळाला काय आहे ते कळेल?"

लूंगने विचार केला. "न्हाई. शंभर येळा त्येलच लागंल."

मग राजीने पळी घेतली आणि पातेलं तळापासून ढवळलं. "आता एक चमचा घ्या."

त्या चमच्यात मीठ होतं, तिखट होतं, खोबरं होतं, मटणाचा बारीक तुकडाही होता. लूंग चमचा चाटत तिन्ही डोळ्यांनी पातेल्यात डोकावू लागला.

"सगळं पातेलं म्हणजे समष्टी (ज्यांच्याविषयी जाणून घ्यायचंय ते सगळे)," राजी म्हणाली. नववीच्या वर्गात हे शब्द तिने फक्त पाठ केले होते, आज पहिल्यांदा ते तिला समोर दिसत होते. "चमच्यात आलं तो नमुना (त्या सगळ्यांमधून निवडलेले थोडे). सगळं पातेलं खायची गरज नाही. पण पातेल्यातल्या प्रत्येक गोष्टीला चमच्यात यायची सारखी संधी हवी. तुम्ही पृथ्वीवरची फक्त तर्री चाखलीत."

"आमी तर्री?" आखाड्यातून आवाज आला.

"पन पृथ्वीचं पातेलं लई मोटं हाय," लूंग म्हणाला. "चमचाबी मोटा लागंल की."

सुबरावमामाने मान हलवली. "न्हाई बा. घरच्या चौघांचा रस्सा आसू दे न्हाईतर लग्नातला चारशेंचा, नीट ढवळला आसंल तर चवीला चमचा त्योच लागतो."

लूंगचा रंग पुन्हा फिकट झाला. तो धावत यानात गेला. पृथ्वीच्या नकाशावर यंत्राने डोळे मिटून निवडाव्यात तशा जागा निवडल्या आणि दहा चेंडू सुटले. पाच मिनिटांत परत आले ते बहुतेक ओलेचिंब होऊन. त्यांतले सात चेंडू समुद्रात पडून मासे मोजून आले होते. दोन बर्फात. दहाव्याला वाळवंटात एक उंट भेटला होता.

"आता समजलं!" लूंग पाटीवर लिहू लागला. "मानसं म्हंजे बहुतेक मासं, आनि थोडी उंटं."

"नको, नको!" राजीने त्याचा हात धरला. "तुम्ही जागा निवडल्या, माणसं नाही. माणसं सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. त्याला लोकसंख्येची घनता म्हणतात (एक चौरस किलोमीटरमध्ये किती माणसं राहतात ते). शहरात ती खूप असते, वाळवंटात कमी. तुमच्या यानाच्या नकाशावर माणसं दिसतात का?"

"दिसत्यात. येकेक मानूस येक ठिपका. पन ठिपक्याच्या मिशा दिसत न्हाईत."

"मग ठिपक्यांनाच नंबर द्या आणि चिठ्ठ्या टाका. म्हणजे आजोबा, बाळ, राणी, पैलवान, कुणाचीही चिठ्ठी निघू शकेल. ही झाली यादृच्छिक निवड (जिच्यात प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी असते)."

चिठ्ठ्या निघाल्या. दोन हजार चेंडू पाखरांच्या थव्यासारखे आभाळात गेले. अर्ध्या तासात दीड हजारावर परतले. बाकीचे ज्यांच्याकडे गेले होते, ते लोक झोपले होते.

"त्येस्नी वगळू," लूंग म्हणाला. बाराला दहा मिनिटं होती.

"वगळू नका. पृथ्वीच्या त्या बाजूला आता रात्र आहे. ते सगळे गेले तर ती अख्खी बाजूच गेली."

लूंगने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा हिंदुरावांकडे. मग त्याने आपल्या ग्रहाला संदेश पाठवला की अहवालाला एक दिवस उशीर होईल. असा संदेश त्याने नोकरीत पहिल्यांदाच पाठवला होता, त्यामुळे तो दिवसभर नुसता येरझाऱ्या घालत होता.

सोमवारी शाळा सुटल्यावर राजी तालमीत आली. नवा अहवाल तयार होता. जवळपास निम्म्या बायका आणि मुली. दर चार माणसांत एक लहान मूल. वजन चार किलोपासून पुढे, जेवण तऱ्हेतऱ्हेचं, मिशा थोड्याच. नमस्कार करायच्या रीती इतक्या निघाल्या की पाटीवर मावेनात.

"आनि धोबीपछाड?" हिंदुरावांनी आशेने विचारलं.

"शून्य."

"दोन हजारांत येकबी न्हाई?" वस्ताद खाली बसले. "काय जग झालंय."

"आबा, शून्य आलं म्हणजे कुणीच घालत नाही असं नाही," राजी म्हणाली. "इतके थोडे आहेत, की दोन हजारांत सापडले नाहीत. तुम्ही आहातच की."

त्यावर ते जरा सावरले. अहवालाच्या शेवटी लूंगने लिहिलं, 'पाहुण्यांनी आधी विचारावे, मग नमस्कार करावा.' आणि तो पाठवून दिला.

राजीला वाटलं, आता तो खूश असेल. पण लूंग पाटीवरची जुनी पानं उलटत बसला होता. एका पानावर तो थांबला.

"ह्यो वेरा नावाचा ग्रह," तो हळूच म्हणाला. "सत्तर वर्सांमागं मीच गेल्तो. लिवलंय बघ, 'सगळे लोक रडके. मैत्री करू नये.' तवापास्नं आमच्यातलं कुनीबी तिकडं गेलं न्हाई."

"तुम्ही तिथे कुठे उतरला होता?"

त्याने पाटी मांडीवर ठेवली. "मोट्या दारांच्या येका घरात. आत कोनतरी मेल्यालं हुतं, आनि बाकीचं त्येच्याभवती रडत हुबं हुतं."

सुबरावमामाने पळी खाली ठेवली.

लूंगने ते वाक्य पुसून टाकलं आणि त्या जागी काही लिहिलं नाही. मग त्याने यानाचं दार उघडलं. दोन हजार चेंडू एकेक करून आत जाऊन बसले.

"लांब आहे का तो ग्रह?" राजीने विचारलं.

"सा वर्सं लागतील."

"आणि तिथले लोक खरे कसे असतील?"

लूंगने तिन्ही डोळे मोठे केले. त्याचा रंग इतका फिकट, इतका उजळ झालेला तिने कधीच पाहिला नव्हता.

"म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "आनि म्हाईत नसूनबी लई बरं वाटतंय बघ."